पाटकऱ्याचा संसार

पाटकरी म्हणजे काय, हे आता पोरांना सांगावं लागतं. ज्याच्या त्याच्या रानात पाळीनं पाणी सोडणारा माणूस तो पाटकरी. खांद्यावर खोरं, खिशात वही आणि डोक्यात अख्ख्या गावाचा हिशेब. हे काम मी २२ वर्षं केलं. पगार असा, की त्यातून घरचं तेल-मीठ निघावं. बाकी पोट जिराईत रानावर.

आमचा पुरंदर तालुका अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि मी त्यांच्या भाकरी पोचवायचो. त्याच दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर, कारखानदार माणूस, इकडं फिरले. खडी फोडून दुष्काळ हटत नसतो, हे त्यांनी जाणलं. नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन कसायला घेतली आणि तिथं पाणी अडवून दाखवलं. त्यांच्या पत्नी कल्पनाताई या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या. त्यातनंच पाणी पंचायत उभी राहिली.

नियम साधे, पण गिळायला कडू. पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस, केळी लावायची नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा गावानं घालायचा, निम्मं सरकारी अनुदान, उरलेलं प्रतिष्ठानकडनं बिनव्याजी. ज्याची पन्नास एकर त्याला अडीच एकराचं पाणी, आणि ज्याची गुंठाभर नाही त्यालाही पाणी. असलं ऐकून बडे लोक हसले होते.

आमच्या गावची उपसा योजना झाली तेव्हा दहावी पास झालेला, हिशेब लिहिता येणारा पाटकरी हवा होता. नेमकं त्याच महिन्यात मला पिंपरीकडच्या एका कारखान्यात काम मिळत होतं. आणि मामाच्या मुलीशी माझं लग्न ठरलेलं होतं. ठरवलं थोरांनी, पण आमचं त्याआधीच जमलं होतं. जेजुरीच्या सोमवतीला ती भेटली, की भंडाऱ्यानं पिवळी झालेली दिवसभर माझ्यापासून चार हात अंतरावर चालायची, पण चुकायची नाही.

मामाचं म्हणणं सरळ होतं. "पोरगी कारखान्यातल्या माणसाला दिलीय. पाण्यामागं रात्रभर हिंडणाऱ्याला न्हाय."

मामाचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मला दिसत होतं ते असं : मी नाही म्हटलं, तर ती किल्ली एखाद्या बड्याच्या पाहुण्याच्या हातात जाणार. मग नियम वहीत राहतील आणि पाणी जुन्याच रानात.

मी तिला गाठलं आणि काही न लपवता सांगितलं. पगार एवढा. वीज रात्रीची, म्हणजे काम रात्रीचं. लोक शिव्या देतील, त्या तुझ्याही कानावर येतील. ती गवताचा भारा बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "रातच्याला एकटीनं ऱ्हायाचं मला भ्या न्हाय. पर घरी असाल तवा घरीच असा. अंग घरात आन् मन पाटावर, असला नवरा मला नको."

पुढं तिनं घरात काय रान उठवलं ते मला कधी सांगितलं नाही. वैशाखात लग्न झालं.

खरी परीक्षा दोन वर्षांनी आली. पाऊस हुकला, तलाव तळाला गेला. बैठकीत सगळ्यांच्या पाळीतले तास कमी झाले. मामाचं रान आमच्याच योजनेत, गहू ऐन ओंबीत, आणि ही पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे मामाच्याच घरी. मामानं तिच्याकडून निरोप धाडायला बघितला. तिनं तो आणलाच नाही. मग मामा स्वतः बांधावर आला. "दोन तास जास्त सोड. घरचा माणूस हायेस." मी वेळ झाल्यावर व्हॉल्व्ह बंद केला. मामा म्हणाला, "मग पोराचं तोंड बघायला माझ्या उंबऱ्यावर येऊ नगंस."

त्याच आठवड्यात तिला रात्री कळा सुरू झाल्या. मी तलावाकडं पंपावर. निरोप पहाटे पोचला, तोवर मुलगी झाली होती. दुपारी मी गेलो, तर मामा ओसरीवर पाठ करून बसला. मी आत गेलो. सव्वा महिना व्हायच्या आत ही तान्ह्या पोरीला घेऊन आमच्या घरी आली. म्हणाली, "दादांचा गहू थोडा कमी आला, जळाला न्हाय. त्ये इसरतील." मग थांबून म्हणाली, "त्या राती तुमी नव्हता, त्ये मी इसरणार न्हाय."

ती भांडली नाही, रडली नाही. हिशेब मांडला. मी पुढच्या बैठकीला उभा राहिलो आणि दुसरा पाटकरी मागितला. लोक म्हणाले, "तुझ्यावाचून कसं जमंल?" बरं वाटतं असलं ऐकायला. पण एका माणसावाचून अडणारी योजना ती योजनाच नव्हे. वाटा मिळालेल्या एका भूमिहीनाच्या पोराला मी वही शिकवली, पंप शिकवला. आठवड्यातल्या तीन रात्री त्याच्या झाल्या. त्या तीन रात्री ही जेवण झाल्यावर अंगणात बाज टाकायची आणि मी दाराबाहेरच्या हाकेला ओ द्यायचो नाही. मामाचा राग दोन वर्षं टिकला. नंतर नातीनंच तो बोबड्या बोलानं काढला.

पाण्याचं, मातीचं, शाळेचं काम करू म्हणणारी पोरं आता माझ्याकडं येतात. शेतात राबणाऱ्याला मुलगी मिळत नाही असे दिवस, त्यात हे. 'लग्न झाल्यावर समजावू तिला,' म्हणतात. मी म्हणतो, आधी सांगा. बघायला गेल्यावर जमीन सांगता, पगार सांगता, विहिरीला पाणी किती तेही सांगता. महिन्यातल्या किती रात्री घरी असाल, तोही आकडा सांगा. आणि जो सांगाल तो पाळा. गावाची पाळी चुकवत नाही, तशी तिचीही चुकवू नका.