चार लाल

धावपट्टीच्या कडेला चार दिवे ओळीने बसवलेले असतात. त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की उच्चार होतो ‘पापी’, आणि नव्या पोरांना त्याची भारी गंमत वाटते. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतरण बरोबर. चारही लाल झाले की विमान फार खाली; पापाचा घडा भरला, असं मी शिकवताना म्हणतो.

माझा घडा भरला त्या रात्री पापी बंदच होते. अमावास्या जवळ आलेली, पलीकडे गावाचे दिवे, अलीकडे काळंकुट्ट माळरान. सेसना 172, वेग 65 नॉट. हवा इतकी स्वच्छ की धावपट्टी अगदी हाताशी आल्यासारखी. उंच आहोत असं वाटलं, थ्रॉटल जरा मागे घेतला. पुन्हा वाटलं, पुन्हा घेतला. मग लँडिंग लाइटच्या झोतात बाभळीचा शेंडा आला. पुढचं चाक बांधावर मोडलं, प्रोपेलर वाकला. आम्ही दोघं आपल्या पायांनी बाहेर पडलो. काट्यांत उभ्या उभ्या विद्यार्थ्याने विचारलं, “सर, आपण उंच होतो ना?”

त्यालाही तसंच वाटलं होतं. दिवसा झाडं, घरं, शेतं यांच्या मापाने डोळा उंची जोखतो. रात्री ती मापं जातात, उरते दिव्यांची चौकट. नकळत आपण ती डोळ्यात एकाच कोनात धरून ठेवतो, आणि सरळ उतरणीऐवजी झोळीसारख्या खाली वाकलेल्या वाटेने येतो. बोइंगमधल्या कॉनराड क्राफ्ट या मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात मुरलेल्या वैमानिकांना सिम्युलेटरवर अशाच अंधारातून आणून पाहिलं. तेही खालीच आले. वाचून मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण डोळ्यांना माफ करता येतं. समोरच्या अल्टिमीटरकडे पाहिलं नाही, त्याचं काय करायचं?

तीन अंशांच्या उतरणीला नॉटिकल मैलामागे सुमारे 300 फूट, एवढंच तर गणित.

आता रात्रीच्या सरावात टॉवरला सांगून मी पापी मुद्दाम बंद करून घेतो. धावपट्टी दोन मैलांवर आली की अल्टिमीटरवर तळहात ठेवतो. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 2,000 फुटांवर, म्हणजे काट्यांनी 2,600 दाखवायला हवेत.

“किती असेल?”

“2,700 तरी, सर.”

हात काढतो. 2,450.

पोरगं काही बोलत नाही. थ्रॉटल पुढे सारतं.