सत्तर चिन्हांचा निरोप

मितभाषण हा सद्गुण होय, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु शब्द कमी करणे व नेमका शब्द राखणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हांस २००९ च्या पावसाळ्यात गारगोटीस कळले.

आमचा थोरला भाऊ मुंबईस नोकरीला होता. आजी आजारी असल्याने तो तिला भेटावयास येणार होता. तोच तिला बरे वाटून ती आत्याकडे गेली. आम्ही मोबाइलवर निरोप लिहिला : 'आजी काल कोल्हापूरला आत्याकडे गेली. पाऊस फार आहे. फोन लागत नाही. सावकाश ये.' एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात, देवनागरीची अवघी ७०. काना, मात्रा, वेलांटी, पायमोड ही सारी तेथे वेगळी मोजली जातात. अभंगात एकच अक्षर ठरणारा 'स्त्री' हा शब्द तेथे सहा जागा अडवितो. आमचा निरोप ७४ चिन्हांचा झाला. दुसऱ्या संदेशाचे पैसे वाचावेत म्हणून आम्ही 'कोल्हापूरला आत्याकडे' हे दोन शब्द गाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात उभा! रात्रभराच्या प्रवासाने व रडण्याने त्याचे डोळे सुजले होते. 'शेवटचं तोंडही दिसलं नाही,' एवढेच तो बोलला. खरा प्रकार कळताच तो मटकन खाली बसला. रागावला मात्र नाही; त्यामुळे आम्ही अधिकच खजील झालो. परत आल्यावर आजी म्हणाली, 'दोन शब्दांपायी मला मारलासा की रं!'

तारेच्या काळी शब्दागणिक पैसे पडत. म्हणून तारेतून खुशाली व माया गळून जाई, आणि तार आली म्हणताच घरात रडारड सुरू होई. भारतातील ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मर्यादा मात्र उरलीच. ट्विटरने १४० चिन्हांची मर्यादा घातली व २०१७ साली ती २८० केली. अशा ठिकाणी प्रथम गळतात ते 'कदाचित' आणि 'माझ्या मते' हे नम्र शब्द. मागे उरतो तो निवाडा.

तथापि दोष मर्यादेचा नव्हे. मोठ्या अभंगाच्या एका चौकास २२ अक्षरेच मिळतात. तेवढ्यात संतांनी अंतःकरण ओतले. विद्यार्थिमित्रहो, शब्द अवश्य गाळावेत. पण धाडण्यापूर्वी निरोप एकवार वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचावा.