वाडा रस्त्याला लागला

गावानं आम्हाला बाहेर ठेवलं, ते आता गावाला फार महाग पडतंय. मूळ गावठाण आत, देवळाभोवती, अरुंद गल्ल्यांत. आमचा वाडा पार बाहेर, ओढ्याच्या अंगाला. जिथून वारासुद्धा गावाकडं जाऊ नये अशा बाजूला. पुढं मुंबई-नाशिक रस्ता रुंद झाला तो गावठाण टाळून. आसनगावचं स्टेशन तर शहापूरपासून तीनेक किलोमीटर लांब. म्हणजे झालं काय, तर गावकुसाबाहेरची जागा नेमकी स्टेशन आणि हायवेच्या मधल्या पट्ट्यात आली. ज्या जागेवर मेलेलं ढोर ओढून आणायचे, तिला आज एजंट ‘रोडटच’ म्हणतो.

माझा आजा रेल्वेच्या गँगमध्ये होता. कसाऱ्यापर्यंत रूळ पोचले १८६१ साली. त्या रुळांखालची खडी पिढ्यान्‌पिढ्या कुणी ठोकली, हे स्टेशनावरच्या कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही. बाबा कसारा लोकलनं ठाण्याच्या कारखान्यात जायचे. पहाटे डबा घेऊन निघायचे, रात्री दहाला घरी. त्यांनी मुंबई पाहिली ती खिडकीतून. आता मुंबईच चालत आलीय. ठाण्या-डोंबिवलीत ज्याला घर परवडत नाही तो वासिंद, आसनगाव, आटगावला फ्लॅट घेतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तेव्हापासून वाड्यात एजंटांच्या गाड्या आठवड्यातून दोनदा येतात. आधी कुणी आमच्या घरचं पाणी पीत नव्हतं. आता चहा मागून पितात.

पाण्याचं निघालंच तर सांगतो. तानसा धरण १८९२ चं. ते आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला. मग भातसा आलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत जेवढा साठा मावतो, त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसात. आणि शहापूरच्या गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर. मुरबाडच्या अंगाला बारवी. तिचं पाणी कारखान्यांना आणि कल्याणकडच्या शहरांना. बुडाली ती इथली गावं. तेव्हा विकास म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवू नये. आम्ही तो हंड्यानं मोजलाय.

आता मूळ मुद्दा. वाड्याची निम्मी घरं गावठाणात, निम्मी वतनाच्या जमिनीवर. ही जमीन आम्हाला कुणी खिरापत दिलेली नाही. सांगावा धाडा, सरकारी टपाल पोचवा, मढ्याचा निरोप उन्हातान्हात दहा गावं फिरून द्या, त्या राबण्याचा तो तुकडा. १८७४ च्या वतन कायद्यानं ही गुलामी कागदावर बांधली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात तिच्याविरुद्ध विधेयक आणलं. महार वतन मोडलं ते मात्र बाबासाहेब गेल्यावर, १९५८ च्या कायद्यानं. जमिनी ज्याच्या त्याच्या नावे पुन्हा दिल्या, पण नव्या शर्तीनं. म्हणजे जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही.

ही शर्त आमचं कुंपण आहे, आणि कुंपणाला भोक पाडायची रीत ठरलेली आहे. एजंट म्हाताऱ्याला गाठतो. “बाबा, विकायची नाय, नुसतं साठेखत करू.” मग कुलमुखत्यारपत्र. मग थोडे पैसे, लग्नापुरते, आजारपणापुरते. पुढं परवानगीचा अर्ज म्हाताऱ्याच्याच नावानं जातो, नजराणा दुसराच भरतो. कागदावर सगळं कायदेशीर. सातबाऱ्यावर भावकीची चाळीस नावं असतात. त्यातल्या पाच जणांना फोडलं की उरलेले पस्तीस एकमेकांच्या उरावर बसतात. वतन मोडायला कायदा लागला होता. वाडा मोडायला एक अंगठा पुरतो.

यंदा एक बिल्डर सरळ विहारातच आला. नकाशा घेऊन. “सगळा वाडा द्या, प्रत्येक घराला फ्लॅट देतो.” बैठक बसली. आम्ही शिकलेली पोरं इतिहास बोललो, जमीन बोललो, चळवळ बोललो. तेव्हा माझी वहिनी उठली.

“तुमचा इतिहास ऱ्हाऊ द्या. मी तीस वर्षं हंडा वाहिला. मला घरात नळ पायजे. संडासाला आतून कडी पायजे. बिल्डर देत असंल तर बिल्डर, सरकार देत असंल तर सरकार.”

कुणाकडं उत्तर नव्हतं. कारण ती खरं बोलत होती. दोस्तांनो, पडकी भिंत म्हणजे अस्मिता नव्हे. गळक्या छपराखाली बसून क्रांती करा, असं आपल्या बायांना सांगायचा आपल्याला अधिकार नाही. पण त्याच वहिनीनं नकाशावर बोट ठेवून पुढचं विचारलं, “यात आमचा दरवाजा कुठाय?”

दरवाजा मागं होता. ओढ्याकडून. पुढच्या बिल्डिंगी विकायच्या, त्यांचं गेट हायवेला. आमची बिल्डिंग मागं, मधे भिंत. विहाराच्या जागी लिहिलेलं ‘मोकळी जागा’. म्हणजे गावकूस पुन्हा घातलं. या वेळी सिमेंटचं, वर वॉचमन बसवून.

मुरबाडला माझे मामा गायरानाचा एक तुकडा कसतात. मुरबाडला रेल्वे येणार हे ऐकता ऐकता त्यांचे केस पिकले. रेल्वे यायच्या आधी प्लॉटिंग आलं. मामांकडं सातबारा नाही. आहेत त्या अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, पत्र्याच्या डब्यात. लोक हसायचे, दंड भरतो आणि पावत्या जपतो म्हणून. पण १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली काढला, तेव्हा ताब्याचा पुरावा म्हणून कामाला आली ती हीच पावती. २०११ साली सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिला. त्यातही भूमिहीनांना आणि दलित-आदिवासींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनीचा अपवाद ठेवलाय. पण अपवाद आपोआप लागू होत नाही. तो मागावा लागतो, कागद टाकून.

वरळीकडं बघा. १९७४ च्या जानेवारीत ज्या बीडीडी चाळींत पँथरच्या पोरांनी दंगल झेलली, त्याच चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फूट. काम म्हाडाचं, आणि खोली कुणाच्या नावावर याची सरकारदरबारी नोंद. आपल्या वाड्यांत घरपट्टीच्या पावतीलाच लोक मालकी समजतात. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे.

म्हणून आम्ही बिल्डरला नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. चार अटी लिहून दिल्या. गेट एकच, सगळ्यांना. विहाराची जागा विहाराच्या ट्रस्टच्या नावे, आधी. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर. आणि वतनाच्या जमिनीवर कुणाचंही कुलमुखत्यारपत्र नाही. उत्तर अजून आलेलं नाही. दोन एजंट मात्र रात्रीचे फिरतात, एकेका घरात.

तेव्हा आता नुसती भाषणं पुरणार नाहीत. तलाठ्याकडनं सातबारा काढा, जुने फेरफार काढा, कुणाचं नाव कधी गळालं ते बघा. म्हाताऱ्यांना एकटं सोडू नका. ते अंगठा उठवायला जातील तेव्हा घरातलं एक शिकलेलं माणूस शेजारी पायजे. शहापूर-मुरबाडच्या पोरांनी येत्या रविवारी विहारात यावं. येताना घरातली कागदांची पिशवी घेऊन यावं, फाटकी असली तरी.

जयभीम.