न बोलण्याची किंमत

रजोनिवृत्तीबद्दल उघड बोलावं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: निसर्गक्रमच आहे, त्याचा एवढा गवगवा कशाला? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. भारतात पाळी साधारण 46-47व्या वर्षी थांबते. सलग 12 महिने आली नाही, की ती थांबली असं धरतात. पण त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन खालीवर होत राहतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते. हे नैसर्गिक असलं तरी निमूट सोसायलाच हवं असं नाही. चाळिशीचा चष्माही नैसर्गिकच. म्हणून कुणी वाचन सोडत नाही.

‘आमच्या आज्यांनी कुठे तक्रार केली?’ असंही विचारतात. तक्रार नव्हती की ऐकणारं कुणी नव्हतं, हे मला अजून उलगडलेलं नाही. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा विचार आला की मात्र अस्वस्थ व्हायला होतं. पाळीचा त्रास, न परवडणारे खाडे, कॅन्सरची भीती. यांपायी अनेकींची गर्भाशयं ऐन तिशीत काढली गेली आणि 2019मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सोबत अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि हाडांची झीज वाढते. या शस्त्रक्रियांमागे गरिबी आणि मुकादमाची उचल आहे, हे खरं; नुसत्या बोलण्यानं ती फिटणार नाही. पण माहिती असलेली बाई निदान दुसऱ्या डॉक्टरांना विचारू शकते. तिनं विचारावं असं वाटत असेल, तर घरात हा विषय आधी कुणी काढायचा?