आधी कीर्द, मग खतावणी

घरातला मुलगा किंवा सून पुण्यात वा बंगळुरूत ‘डेटाबेस डेव्हलपर’ आहे, एवढे हल्ली पुष्कळ व्यापारी कुटुंबांत ठाऊक असते. त्या कामात नेमके करायचे काय असते, हे मात्र पेढीवर बसणाऱ्या आजोबांना सहसा कोणी सांगत नाही. त्यांना यातले काय कळणार, असा एक समज असतो. वास्तविक त्यांच्याइतक्या लवकर हा विषय दुसऱ्या कोणाला उमगणार नाही. डेटाबेस म्हणजे वही. ती कशी आखावी, तिच्यात एकाच वेळी हजार हातांनी नोंदी कशा व्हाव्यात आणि दिवा गेला तरी मेळ कसा राहावा, याची घडी बसवणारा तो डेटाबेस डेव्हलपर.

या व्यवसायातील एका थोर माणसाची हकिगत म्हणूनच व्यापारी घरांनी जाणून घ्यावी अशी आहे. जिम ग्रे हे त्यांचे नाव. जन्म १९४४ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६९ मध्ये त्यांनी संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. त्या विभागाने दिलेली ती पहिलीच. पुढे ते आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत आले. सगळी माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवावी, हा विचार त्याच कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला होता. तो कागदावर सुबक होता. प्रत्यक्षात चालेल की नाही, याविषयी जाणकारांतही वाद होता. ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पात तो चालवून दाखवण्याचा घाट घातला गेला आणि त्यातला सर्वांत अवघड भाग ग्रे यांच्या वाट्याला आला. अनेक कारकून एकाच वहीत एकाच क्षणी लिहू लागले तर काय करायचे? आणि नोंद अर्धवट असताना यंत्र बंद पडले तर?

समजा, कोल्हापूरच्या खात्यातून सोलापूरच्या खात्यात दहा हजार रुपये जायचे आहेत. एका खात्याला नावे पडले आणि दुसऱ्याला जमा होण्याच्या आत वीज गेली. पैसे कोठे आहेत? बँकेत हाताने खतावणी होत असे त्या काळी असा फरक शोधण्यासाठी शाखेत रात्रीचे नऊ-दहा वाजत. मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जात नसे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असलेल्या कर्मचाऱ्याला त्या दिवशी उपवास घडे. ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी यंत्रासाठी नियम घालून दिला तो असा: व्यवहार पूर्ण तरी होईल, नाही तर झालाच नाही असे धरले जाईल, मधली अवस्था नाही. त्यासाठी युक्ती योजली तीही ओळखीची वाटावी. खात्याच्या पानाला हात लावण्याआधी यंत्राने काय करणार आहे ते एका रोजनिशीत क्रमाने लिहून ठेवायचे. यंत्र पुन्हा सुरू झाले की ती रोजनिशी वाचायची. पुरे झालेले व्यवहार खात्यांत उतरवून घ्यायचे, अर्धवट राहिलेले मागे घ्यायचे. आधी कीर्द, मग खतावणी. आपल्या मुनिमांना हे शिकवायला संगणक लागला नव्हता.

हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. ग्रे यांनी १९८१ मध्ये ‘व्यवहार’ या संकल्पनेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात त्यांनी जुन्या हिशेबनिसांचाच दाखला दिला आहे. द्विनोंदी पद्धतीमुळे हिशेब स्वतःच स्वतःला तपासतो, हा एक नियम. लिहिलेले कधीही खोडायचे नाही. चूक झाली तर ती दाखवून तिची भरपाई करणारी नवी नोंद करायची, हा दुसरा. जुनी किंमत पुसून तिच्या जागी नवी लिहिण्याची संगणकी सवय त्यांनी त्या निबंधात विषारी सफरचंदाच्या रांगेत बसवली आहे. याच लेखनात विवाहविधीचाही दृष्टान्त आहे. धर्मोपदेशक वराला विचारतो, वधूला विचारतो. दोघांचा होकार आला तरच विवाह लागल्याचे जाहीर करतो. दोन दूरच्या यंत्रांनी एकच व्यवहार पक्का करायचा तो याच रीतीने.

खाडाखोड करू नये, उलट नोंद करावी, हा नियम वाचताना जैन वाचकाला प्रतिक्रमण आठवले तर नवल नाही. तेथेही घडलेला दोष पुसला जात नाही. तो आठवून, उच्चारून, त्याची आलोचना करायची असते. दुकानात ग्राहकाचे मोबाइलवरून दिलेले पैसे त्याच्या खात्यातून वजा होतात, आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि काही वेळाने परत त्याच्याकडे जातात. तेव्हा त्याच्या पासबुकात पहिली नोंद नाहीशी झालेली नसते. तिच्याखाली दुसरी, उलट नोंद आलेली असते.

१९८० मध्ये ग्रे टँडेम या कंपनीत गेले. यंत्रे बंद का पडतात, याचा त्यांनी तेथे १९८५ मध्ये अभ्यास केला. यंत्राच्या भागांपेक्षा ते हाताळणाऱ्या माणसांच्या चुकांचा वाटा मोठा असल्याचे त्यात दिसले. बँकेत वर्षे घालवलेल्या कोणालाही हा निष्कर्ष धक्का देणार नाही.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. त्या काळी प्रत्येक कंपनी आपले यंत्र सर्वांत वेगवान असल्याचे सांगत असे. माप मात्र ज्याचे त्याचे. तराजूही आपला आणि वजनेही आपलीच. ग्रे यांनी एक समान माप सुचवले, आणि ते घेतले बँकेच्या गल्ल्यावरून. १९७३ मध्ये एका मोठ्या बँकेला आपल्या १,००० शाखा, १०,००० रोखपाल आणि १ कोटी खाती संगणकाला जोडायची होती; गर्दीच्या वेळी सेकंदाला १०० व्यवहार होतील असा अंदाज होता. तोच जमा-नावेचा व्यवहार त्यांनी कसोटी म्हणून ठरवला. मसुदा त्यांनी इतरांना, प्रतिस्पर्धी कंपन्यांतील मित्रांनासुद्धा वाचायला दिला. त्यांच्या सूचना घेतल्या. १ एप्रिल १९८५ रोजी ‘डेटामेशन’ मासिकात लेख छापून आला तेव्हा लेखकाच्या जागी ग्रे यांचे नाव नव्हते. ‘अनामिक आणि इतर’ एवढेच होते. त्या ‘इतरां’त दोन डझन माणसे होती. एकाचे नाव घातले असते तर ते माप त्याच्या कंपनीचे ठरले असते आणि दुसऱ्यांनी नाकारले असते. यात व्यवहारचातुर्य होतेच. पण श्रेयाचा परिग्रह सोडणे व्यवहारचातुर्य म्हणूनही किती जणांना जमते? १९८८ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन अशी मापे ठरवणारी परिषद स्थापन केली. ती आजही काम करते.

नव्या मुलांचे लेख वाचणे, त्यांना योग्य माणसाशी जोडून देणे, एका कंपनीतील अडचण दुसऱ्या कंपनीतल्या जाणकाराच्या कानी घालणे, यात ग्रे यांचा पुष्कळ वेळ जाई. १९९५ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत होते. १९९८ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पृथ्वीची आकाशातून घेतलेली चित्रे सामान्य माणसाला घरबसल्या पाहता यावीत, असा एक प्रचंड डेटाबेस त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. नंतर खगोलशास्त्रज्ञांबरोबर बसून त्यांनी ताऱ्यांच्या सर्वेक्षणाची वही आखून दिली.

२८ जानेवारी २००७ हा रविवार होता. आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यासाठी ग्रे आपली चाळीस फुटी शिडाची नौका घेऊन एकटेच फॅरेलॉन बेटांकडे निघाले. ही बेटे सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे ४३ किलोमीटरवर आहेत. हवा स्वच्छ होती. संध्याकाळपर्यंत ते परतले नाहीत. मदतीची हाक आली नाही, संकटाचा संदेश आला नाही. तटरक्षक दलाने चार दिवस समुद्र पालथा घातला. फळीचा तुकडाही हाती लागला नाही. १ फेब्रुवारीला शोध थांबला.

मग त्यांच्या व्यवसायबंधूंनी वही हाती घेतली. एरवी बाजारात एकमेकांचे ग्राहक ओढणाऱ्या कंपन्यांतील माणसे रात्रंदिवस एकत्र बसली. उपग्रहांनी त्या भागाची छायाचित्रे घेतली, नासाचे उंचावरून उडणारे विमानही गेले. ती चित्रे लहान लहान चौकोनांत कापून ॲमेझॉनच्या यंत्रणेवर ठेवण्यात आली आणि हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून चौकोनामागून चौकोन तपासला: यात नौकेसारखे काही दिसते का? त्यांतील बहुतेकांनी ग्रे यांना कधी पाहिलेही नव्हते. आकाशातून घेतलेली चित्रे ज्याने लोकांसाठी खुली केली, त्याला लोक आकाशातल्या चित्रांत शोधत होते. ढगांनी काही चित्रे वाया गेली. संशयास्पद ठिपक्यांवर विमाने जाऊन आली. दोन-अडीच आठवड्यांनी तोही शोध आवरता घ्यावा लागला. पुढे समुद्रतळ धुंडाळूनही काही मिळाले नाही.

३१ मे २००८ रोजी बर्कली येथे सभा झाली. ग्रे बेपत्ता होते, मृत ठरले नव्हते. म्हणून तिला स्मृतिसभा न म्हणता गौरवाची सभा म्हटले गेले. दुपारी त्यांच्या विषयांवर तांत्रिक व्याख्यानेही झाली.

बेपत्ता खातेदाराच्या घरच्यांची अवस्था बँकेच्या काउंटरवर काम केलेल्या माणसाने पाहिलेली असते. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून वारसाचा अर्ज पुढे सरकत नाही. खाते बंद करता येत नाही आणि चालवताही येत नाही. अर्ज घेऊन आलेल्या पत्नीला ‘मयत’ हा शब्द लिहा, असे सांगताना कारकुनाची मान खाली जाते. आपल्या कायद्यात अशा माणसाच्या मृत्यूचे अनुमान करण्यासाठी सात वर्षे जावी लागतात, कॅलिफोर्नियात पाच. अर्धवट व्यवहार क्षणभरही तसा राहू नये, यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याच्या पत्नीला ती पाच वर्षे काढावी लागली. २०१२ मध्ये ग्रे कायद्याच्या दृष्टीने मृत ठरले. नौका अद्याप सापडलेली नाही.