गार इंजिनाची टकटक

आमच्या डिझेल गाडीचं दुखणं सकाळी सहाला उठायचं आणि गॅरेजं उघडायची दहाला. सगळा घोळ त्या मधल्या वेळातला. कोल्हापुरात थंडी पडली की दिवसाची पहिली किल्ली मारल्यावर बोनेटखालून टक्-टक्-टक् असा आवाज यायचा. नखाने पत्र्यावर टिचक्या माराव्यात तसा. ॲक्सिलरेटर दाबला की टिचक्याही जोरात. रंकाळ्याला वळसा घालून येईपर्यंत आवाज गायब. मिस्त्रीकडे गाडी नेली की तो कान लावणार, "इंजिन एक नंबर आहे साहेब" म्हणणार आणि मी खोटं बोलल्यासारखा परत फिरणार.

नुसता आवाज असता तर सोडून दिला असता. पण गाडी घाटात दम धरेना. साखरप्याहून आंबा घाट चढताना जिथे तिसऱ्या गिअरवर आरामात निघायची तिथे दुसरा टाकावा लागे. अठराशे-दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बो लागला की पाठ सीटला टेकते, ते टेकणं उशिरा आणि अर्धवट होऊ लागलं. शिवाय सिग्नलला उभं राहिलं की आत जळक्या धुराचा वास. पुढे ट्रक नाही, बस नाही, तरी वास. बायकोने काचा उघड्या ठेवायचा नियमच करून टाकला.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा तयार होत नाही. तिथल्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि टर्बो बदलण्याचं एस्टिमेट हातात ठेवलं. स्कॅनरवर माझा राग नाही, पण त्याचा सेन्सर बसलेला असतो इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर. दाब कमी आहे एवढं तो बरोबर सांगतो. कुठे कमी पडला ते सांगणं त्याच्या आवाक्यातलं नाही. ते शोधायला माणूस लागतो, आणि त्या माणसाने गाडी योग्य वेळी बघावी लागते.

टर्बोची कल्पना साधी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं: एक्झॉस्टचा वायू बाहेर फेकून देण्याआधी त्याच्याकडून एक चक्र फिरवून घ्यायचं आणि त्या चक्राच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची. आजच्या मोटारींमध्ये हे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतं. त्यामुळे एक्झॉस्ट गळत असेल तर गळती कुठे आहे यावर सगळं ठरतं. टर्बोच्या पुढे, सायलेन्सरकडे गळत असेल तर आवाज होतो, वास येतो, ताकदीला फारसा धक्का लागत नाही. टर्बोच्या अलीकडे, इंजिन आणि टर्बो यांच्यामध्ये गळत असेल तर चक्र फिरवणारा वायूच निम्म्या वाटेत पळून जातो. टर्बो ठणठणीत असूनही आजारी दिसतो.

शेवटी उद्यमनगरातला एक जुना मिस्त्री गाठला. त्याने बोनेट उघडलंसुद्धा नाही. आवाज कधी येतो एवढंच विचारलं आणि म्हणाला, "आज रात्री गाडी हितंच सोडून जावा. सकाळी मी येईपर्यंत किल्लीला कुणी हात लावायचा न्हाई."

सकाळी मी त्याच्या आधी हजर. त्याने गार इंजिनावरचा पत्र्याचा हीट शिल्ड काढला आणि बॅटरीचा झोत एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर टाकला. डॅशबोर्डच्या बाजूच्या अंधारात, शेवटच्या सिलिंडरच्या जोडावर, काजळीचा पंखा उमटलेला होता. मी म्हटलं, सापडलं. तो म्हणाला, "थांबा, काजळी जुनी पण असती." मग सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून ब्लोअर लावला आणि बंद इंजिनाच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. बाकी सगळे जोड गप्प. त्या एका जागी फेस फुगून आला. त्यानंतरच त्याने किल्ली मारली. टक्-टक् सुरू झाली, आणि इंजिन तापल्यावर आमच्या डोळ्यांदेखत थांबली.

त्या जोडाकडे नीट पाहिल्यावर कारण दिसलं. कडेचा स्टड तुटला होता. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. रोजच्या तापण्या-गार होण्यात ही ओढाताण सर्वात जास्त सोसतात ते कडेचे स्टड. त्यातला एक तुटला की मॅनिफोल्डचं टोक केसभर उचललं जातं आणि गॅस्केट जळू लागतं. धातू तापून फुगला की फट बरीचशी मिटते, म्हणून आवाज जातो. पण भर घाटात, दाब वाढल्यावर, वायू तिथूनच वाट काढतो. केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी पुढच्या काचेच्या खालीच असते. वासाचा उलगडाही तिथेच झाला. आणि वास येत होता हे आमचं नशीब. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा रंगही नसतो, वासही नसतो. अशा गाडीत सुगंधाची बाटली टांगणारे लोक पाहिले की मला आता त्यांना थांबवावंसं वाटतं.

खरी कसोटी पुढे होती. तुटलेल्या स्टडचं जेमतेम टोक हेडच्या बाहेर होतं. बॅटरीची वायर काढून त्या टोकावर नट वेल्ड केला, तो लाल असतानाच पाना लावला, थोडा पुढे थोडा मागे करत स्टड बाहेर काढला. हे करताना मिस्त्री कुणाशी बोलत नव्हता, मीही चहाचं विचारलं नाही. स्टड आत मोडला असता तर हेड उतरवावं लागलं असतं. मॅनिफोल्डवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज सरकवला तर पाती आरपार गेली. तोंड वाकलेलं होतं. बिडाच्या कास्टिंगवर जगणाऱ्या या गावात ते ग्राइंड करून घ्यायला दोन गल्ल्या पुरल्या. सगळे स्टड नवे, पत्र्याच्या थरांचं नवं गॅस्केट, आणि टॉर्क रेंचने मधून कडेकडे आवळणं.

बिलात स्टड आणि नट यांची रक्कम सर्वात लहान होती, मजुरी सर्वात मोठी. टर्बोच्या एस्टिमेटपुढे दोन्ही मिळून किरकोळच. जुना टर्बो अजून गाडीत आहे. परवा साखरप्याहून वर येताना तिसरा गिअर पडला तो आंबा गावापर्यंत बदलावा लागला नाही. बायकोने काच मात्र सवयीने उघडी ठेवली होती.