नंदुरबार येथील चार दिवस

खानदेशांत जावयाचें तर मार्गशीर्षांत जावें. वैशाखांत तेथील पारा चाळिशीच्या पलीकडे जातो व पाहुण्यास घराबाहेर पाऊल टाकवत नाहीं. आम्ही गेलों ते थंडीच्या दिवसांत. जळगांवाहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गानें अमळनेर, दोंडाईचा मागें पडलें आणि नंदुरबार जवळ येतांच आमच्या डब्यांत एक उग्र दर्प शिरला. शेजारची मंडळी खोकूं लागली. शहराच्या कडेला मोकळ्या रानांत लाल मिरचीचें वाळवण पसरलेलें होतें. या जागांस येथें 'पथारी' म्हणतात. दुरून पाहणारास भूमीवर लाल जाजम अंथरल्याचा भास होतो. जवळ गेल्यावर मात्र नाकास पदर लावावा लागतो.

1 जुलै 1998 रोजीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन हा जिल्हा निर्माण झाला. तालुके सहा, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, मध्यें तापी. शहरांत शिरीषकुमार व त्याच्या बालसोबत्यांचें स्मारक आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजीं मिरवणुकींत तिरंगा घेऊन निघालेलीं हीं मुलें पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडलीं. तेथें कांहीं वेळ उभे राहून आम्ही वडील बंधूंच्या घरीं गेलों.

आमचें येणें केवळ देशाटनासाठीं नव्हतें. दादांस घरीं नवा संगणक घ्यावयाचा होता व त्यांत स्मृति आणि साठवण किती असावी, यावर घरांत दोन पक्ष पडले होते. पुतण्या म्हणे, "काका, मेमरी बत्तीसची घेऊं, म्हणजे दहा वर्षें पाहणें नको." दादा म्हणत, "मेमरी काय करावयाची? मला साठवण हवी." दादांच्या हट्टास कारण होतें. सन 1986 मध्यें आमच्या मातोश्रींच्या ओव्या कॅसेटींवर उतरवून घेतल्या होत्या. त्यांतील निम्म्या पुढें जुन्या संगणकांत भरल्या. परंतु त्या कॅसेटींस बुरशी लागून त्या टाकून द्याव्या लागल्या. म्हणजे तो आवाज आतां एकाच तबकडीवर उरला होता, आणि ती तबकडी महिनाभर टक्‌टक्‌ करूं लागली होती.

दोन्ही पक्षांची गफलत शब्दांत होती. रॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा; साठवण म्हणजे कोठीघर. ओटा मोठा असला तर चार पदार्थ एकदम करतां येतात, पण रात्रीं तो पुसून स्वच्छ होतो. रॅममध्यें प्रत्येक अक्षर सूक्ष्म विद्युद्भारांच्या रूपानें राहतें व तो भार झिरपून जात असल्यामुळें साधारणतः दर 64 सहस्रांश सेकंदांत पुन्हां भरावा लागतो. वीज गेली कीं सर्व गेलें. ही युक्ति रॉबर्ट डेनार्ड यांस 1966 मध्यें सुचली. उलट तबकडीवरील चुंबकीय खुणा विजेवांचून टिकतात. 1956 सालची अशी पहिली यंत्रणा कपाटाएवढी होती. तींत 50 तबकड्या असून मावत होतीं अवघीं 50 लक्ष अक्षरें. आज एका छायाचित्रासही तेवढी जागा अपुरी पडते.

दुकानदारानें दादांस आठ टेराबाइटची डिस्क सुचविली होती. आम्हीं कागद घेऊन हिशेब मांडला. तासाभराच्या न दाबलेल्या ध्वनीस सुमारें 600 मेगाबाइट लागतात. चाळीस कॅसेटी धरल्या तरी 25 गिगाबाइटच्या आंत काम होतें. दोन हजार जुनीं छायाचित्रें उत्तम प्रतीनें उतरविलीं तर पन्नासेक गिगाबाइट. खरी जागा खातात तीं लग्न-मुंजींचीं चलच्चित्रें. तीं धरूनही दोन टेराबाइट पुष्कळ झाले. (दोनाचे संगणक 1.8 दाखवितो, त्यांत लबाडी नाहीं. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो व संगणक 1024 च्या.) वांचलेल्या पैशांत तसलीच दुसरी डिस्क घ्यावी, हें आमचें म्हणणें वहिनींस प्रथम पटलें. दागिने एका पेटींत ठेवूं नयेत, हें त्यांस सांगावें लागलें नाहीं.

रॅमविषयीं पुतण्याशीं तडजोड झाली. सन 2025 च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनीं मेमरीचा पुरवठा ओढून घेतल्यामुळें तिचे भाव फार चढले; अशा वेळीं बत्तीस घेणें आम्हांस उधळपट्टी वाटली. आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्या तर वेग थोडा वाढतो, परंतु या फलकावर खांचाच दोन. त्या भरल्या म्हणजे पुढें वाढविण्यास जागा नाहीं. म्हणून सोळाची एकच पट्टी घेऊन एक खांच मोकळी ठेविली. फलक डीडीआर-4 चा कीं डीडीआर-5 चा हें आधीं पाहावें. एकाची पट्टी दुसऱ्यांत बसत नाहीं. यंत्र चालविण्यास पांचशें गिगाबाइटची एसएसडी घेतली. तिच्यांत फिरणारें कांहीं नसतें म्हणून ती चपळ असते. मात्र विजेवांचून, त्यांतही उन्हाळ्यांत, ती वर्षानुवर्षें कपाटांत ठेवण्याजोगी नव्हे. पुरती वापरून झालेल्या घरगुती एसएसडीनें 30 अंशांवर विजेवांचून एक वर्ष मजकूर टिकवावा, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. आणि येथील उन्हाळा 30 वर थांबत नाहीं. म्हणून ठेवणीच्या प्रती फिरत्या तबकड्यांवरच केल्या.

तिसऱ्या दिवशीं शहाद्याकडे निघालों. वाटेंत तापीतीरीं प्रकाशें लागतें. या दक्षिणकाशीच्या पांढरीच्या टेकाडांत 1955 मध्यें बा. के. थापर यांनीं उत्खनन करून ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उघडे केले. खापरांनीं तीन हजार वर्षें टिकाव धरला आणि आमच्या कॅसेटींस चाळीस वर्षेंही निघालीं नाहींत! याच शहादें तालुक्यांत टेंभली गांव आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक तेथें वांटले गेले. बोटांचे ठसे व डोळ्यांच्या खुणा यंत्राच्या कोठींत जपण्याचा तो देशव्यापी आरंभ या आदिवासीबहुल जिल्ह्यांत झाला, हें अनेकांस ठाऊक नसतें.

परतल्यावर जोडणी झाली. मिरचीच्या धुळीसाठीं पेटीच्या पंख्यापुढें धुतां येणारी जाळी बसविली; वीज आमच्यादेखत दोनदां गेली, तेव्हां यूपीएस आणण्याबद्दल कोणी वाद घातला नाहीं. सर्वांत आधीं जुनी तबकडी जोडून ओव्यांची नक्कल करावयास घेतली, कारण तशी तबकडी किती वेळां उठेल याचा नेम नसतो. एकूण 212 ओव्यांपैकीं नऊ वाचल्या गेल्या नाहींत. उरलेल्या दोन्ही डिस्कांवर उतरल्या व प्रत्येक ऐकून पाहिली. नुसतें नांव यादींत दिसलें म्हणजे नक्कल झाली असें समजूं नये. एक डिस्क दादांच्या कपाटांत राहिली, दुसरी आमच्याबरोबर पुण्यास आली. दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या वेळीं व पाडव्यास दोन्ही घरीं त्या काढून तपासावयाच्या, असें ठरलें आहे. बुरशीपासून बचावलेल्या कॅसेटी पुतण्यानें दर रविवारीं दोन याप्रमाणें उतरवावयास घेतल्या असून, त्या नऊंपैकीं कांहीं तरी त्यांत निघतील अशी वहिनींस आशा आहे.